दुसरा होकार

नार्वा, ७ जानेवारी २०१३

वेन्या,

पाकीट फोडलंस तर बरं. फोडलं नाहीस तरी ठेवून दे, मागे माझा नवा पत्ता आहे. नवा म्हणजे काय, त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरून पहिल्यावर आले. जिने होत नाहीत. आईचा फ्लॅट तुला मिळाला, तिचे गुडघे मला.

पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला आणि खिडकीतून नदीकडे बघितलं. म्हणाली, "इवानगोरोद? म्हणजे रशिया. एकोणीस-वीस दिवस धरा. आधी ताल्लिनला जातं, मग पीटर्सबर्गला, मग तिथून खाली येतं." मी म्हटलं, "बाई, पोहत गेलं तर दहा मिनिटं." ती म्हणाली, "मग पोहा की! पुढचं कोण आहे?"

कामाचं लिहिते. चौदा मार्चला आईला जाऊन वर्ष होईल. मला तिच्या कबरीवर यायचं आहे. व्हिसासाठी तिकडच्या नातेवाइकाचं निमंत्रण लागतं आणि तिकडे माझं असं आता तुझ्याशिवाय कुणी नाही. कोरा अर्ज सोबत ठेवला आहे. त्यात मी काहीही भरलेलं नाही. तुझं नावसुद्धा नाही. सही तर नाहीच नाही.

तू म्हणशील, एजंटकडे जा, तो दोन दिवसांत पर्यटक म्हणून व्हिसा काढून देतो. देतो, विचारून आले. फॉर्मवर 'प्रवासाचा हेतू' असा रकाना असतो. त्यात 'स्थलदर्शन' लिहून आईच्या मातीवर जायचं मला जमणार नाही. तू बोलावलंस तर येईन. नाहीतर नाही.

इकडे सगळं ठीक आहे. वाचनालयातला इंटरनेटचा कक्ष आता दुपारी दोनपर्यंतच उघडा असतो. घरोघरी तार गेली, माझ्याकडे कोण येणार? फाईना मार्कोव्हना तेवढी रोज येते. तिच्या घरीही आहे, पण म्हणते, "घरच्या कॉम्प्युटरला खुर्चीशेजारी तू नसतेस." दोन तास बसते, पीटर्सबर्गचं हवामान बघते आणि जाते. तिथे तिचं कुणीही नाही.

क्लावा


नार्वा, १६ फेब्रुवारी २०१३

वेन्या,

तुझं कार्ड मिळालं. किल्ल्याचं चित्र, मागे एकच ओळ: 'सहा महिन्यांनी त्यांनी विचारलं तेव्हा काय उत्तर दिलंस?' वर क्लावा नाही, खाली वेन्या नाही. निमंत्रणाचा अर्ज नाही.

ही सहा महिन्यांची गोष्ट तुला आता कुणीतरी सांगितलेली दिसते. वकिलातीतल्या बाईने सांगितली असेल. तिकडचे कागद करताना इकडचे सगळे कागद पुढे येत असणार.

उत्तर देते. पण आधी पहिल्यापासून लिहू दे. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, पण तुला तुझ्या बाजूचं माहीत आहे.

आईला पुलापलीकडे फ्लॅट मिळाला तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास. सगळी गिरणी तिचं अभिनंदन करायला आली होती. नवी इमारत, बाल्कनी, बाल्कनीतून नदी. ती बाल्कनी पुढे कुठल्या देशात जाईल हे कुणी विचारलं नाही, कारण तेव्हा तो फक्त एक पूल होता. बस जायची. तूच ती चालवायचास.

मग देश दोन झाले. आई त्यांची झाली. आपण दोघं कुणाचेच नाही. राखाडी पासपोर्ट हातात आले आणि त्यावर छापलेलं होतं, परदेशी. जिथे जन्मलो तिथेच. तू हसलास, मी नाही हसले. त्यात गिरणीतलं माझं खातं बंद झालं आणि एकवीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई एका सोमवारी घरी आली. पुढची सहा वर्षं मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. शिवण केलं असेल.

मग वाचनालयाच्या दारावर ती निळी पाटी लागली, आत इंटरनेट असल्याची. सरकारने सांगितलं होतं, गाव कितीही लहान असो, तिथे एक असा कक्ष असणार, फुकट, कुणालाही. वाचनालय सांभाळणाऱ्या हेल्वेबाईंना तिथे बसायला माणूस हवं होतं. मला पंधरा दिवस शिकवलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला माऊस कसा धरायचा ते मी शिकवू लागले. माग बंद पडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. तुला हे कधी कळलं नाही वेन्या. तू म्हणायचास, "आमची इंटरनेटवाली बाई! दोन तारा जोडून दिल्या की देशाच्या प्रेमातच पडली!"

हो, पडले. जो देश एका कोपऱ्यातल्या म्हातारीच्या हाताशी सगळं जग फुकट आणून ठेवतो, त्याचं नागरिक व्हायला मला कमीपणा वाटला नाही. परीक्षेला बसले, तुलाही ओढून बसवलं. बसच्या नोकरीसाठी तुला भाषेची परीक्षा द्यावीच लागणार होती, मी म्हटलं घटनेचीही देऊन टाक. पास झालास. माझ्यापेक्षा तीन गुण जास्त. मी अर्ज केला. तू ते प्रमाणपत्र संडासाच्या दारामागे लावलंस.

त्यावेळी वेडा म्हणत होते सगळे तुला. मग दोन हजार आठमध्ये तिकडच्यांनी राखाडीवाल्यांना व्हिसा माफ केला आणि एका दिवसात तू शहाणा झालास. इकडे युरोप मोकळा, तिकडे रशिया मोकळा. माझ्या हातात खरा पासपोर्ट आणि मी व्हिसाच्या रांगेत. तू माझ्यासमोरून दर रविवारी पूल ओलांडायचास, हातात डबा. म्हणालास, "बघ क्लावा, मी कुणाचाच नाही म्हणून दोघंही आत घेतात."

मी म्हटलं, "आईकडे इंटरनेट जोडून घेऊ. रोज बोलता येईल, तोंडही दिसेल."

तू म्हणालास, "तुझ्या इंटरनेटवरून तिच्या गुडघ्यांना मलम लावता येतं का? मग सांग."

आज इथेच थांबते. लिहून लिहून बोटं गार पडली आहेत. उत्तर पुढच्या पत्रात.

क्लावा


नार्वा, ३ मार्च २०१३

वेन्या,

टपालपेटीत काही नाही. असायचं कारणही नाही, माझं पत्र अजून पीटर्सबर्गलाच असेल.

तो बिस्किटांचा डबा आठवतो ना, माझ्या टेबलाच्या खणातला? निळा, झाकणावर हरीण. त्यात सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या गुप्त आकड्यांची पाकिटं असायची. ओळखपत्राचे आकडे कुणालाही सांगायचे नाहीत, ते आकडे टाकले की ती सहीच, असं मी स्वतः प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचून झालं की म्हातारी पाकीट माझ्या हातात द्यायची. "तूच ठेव गं क्लावा, माझ्याकडे हरवेल." एकूण एकेचाळीस पाकिटं झाली. औषधाची चिठ्ठी, बसचा पास, घराचा कर, सगळं माझ्या हातून व्हायचं. हेल्वेबाईंना माहीत होतं. त्या खणाकडे बघायच्या नाहीत.

एकेचाळिसावं पाकीट तुझं. तुझी ई-मेल मीच उघडली होती, सरकारी पत्रं येतात ती. तुला ती नको होती, म्हणून ती माझ्या पत्त्यावर वळवली. तेव्हा त्यात काही वाईट नव्हतं. खरंच नव्हतं.

मे महिन्यात, दोन हजार अकरा, तू ओळखपत्राचं कार्ड ठेवून गेलास. वाहन परवान्याची मुदत संपत होती. "करून टाक," म्हणालास, "मी संध्याकाळी नेतो." मी ते केलं, चार मिनिटांत झालं. कार्ड अजून यंत्रात होतं. तुझी दोन्ही प्रमाणपत्रं आधीच त्यांच्या नोंदीत होती. नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे उरलं होतं ते फक्त दोन पानं. मी ती भरली. शपथही त्यातच असते, घटनेशी एकनिष्ठ राहीन. ती तुझ्या नावाने मीच घेतली. आकडे टाकले. गेला.

संध्याकाळी तू आलास, कार्ड खिशात घातलंस, मला एक सुका मासा दिलास कागदात गुंडाळून. म्हणालास, "ही तुझी लाच." मी घरी जाऊन तो खाल्ला.

एवढं तुला माहीत आहे. तुला वाटतं एवढंच आहे. एका दुपारी डोक्यात काही आलं आणि बाईने बटण दाबलं.

पुढचं तू मला स्वयंपाकघरात सांगितलंस, पण पुन्हा लिहिते, कारण गेलं वर्षभर ते माझ्या कानात तुझ्या आवाजात आहे. दोन मार्च, काल वर्ष झालं. पुलावर नवीन मुलगी होती. पासपोर्ट उलटासुलटा केला. "हा चालत नाही." तू म्हणालास, "चालत नाही कसा? मुदत आहे की अजून तीन वर्षं." ती म्हणाली, "तुम्ही आता परदेशी नाही. नागरिक झालात, तीन दिवस झाले. तुम्हाला कळवलेलं दिसतं इथे." आणि हसून म्हणाली, "अभिनंदन!"

तिकडे जायला आता तुला व्हिसा हवा होता, माझ्यासारखा.

तू तसाच वाचनालयात आलास. आईसाठी नेलेली माशाच्या सूपची बरणी तीन नंबरच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलीस. फाईना हवामान बघत होती. तू म्हणालास, "क्लावा, हे काय आहे?"

मी म्हणाले, "आनंदाची बातमी आहे."

तू म्हणालास, "कुणाची?"

फाईना तेव्हा उठून गेली. पहिल्यांदाच हवामान अर्धवट टाकून. बरणी तिथेच राहिली. ती मी सोमवारी रिकामी केली, धुतली. अजून माझ्याकडे आहे.

तू तक्रार केली नाहीस. केली असतीस तर माझी नोकरी गेली असती, खटलाही झाला असता. तू फक्त व्हिसाच्या रांगेत उभा राहिलास. सोळा तारखेला मिळाला. आई चौदाला गेली, सोळाला सकाळी तिला मातीत ठेवलं. शेजारणींनी ठेवलं. तू संध्याकाळी पोचलास.

मला तातडीचा व्हिसा मिळाला असता. मृत्यूसाठी देतात. मी अर्जच केला नाही. तुला वाटतं नाकारला. तसं मीच तुला कळवलं होतं. ते खोटं होतं.

उत्तर राहिलं. देते, वेन्या. थोडं थांब.

क्लावा


नार्वा, १४ मार्च २०१३

वेन्या,

आज वर्ष झालं. सकाळी गव्हाची खीर केली, मध घालून, आई करायची तशी. दूध तळाला लागलं. फाईनाला बोलावलं होतं, ती काळा पाव आणि लोणच्याची काकडी घेऊन आली. आम्ही दोघींनी खाल्लं. ती म्हणाली, "रड गं बाई थोडं. घरात कुणी नाही." मी म्हटलं, "येत नाही." तिने आणखी एक वाटी वाढून घेतली. म्हणाली, "करपली आहे, पण बरी आहे."

दुपारी नदीवर गेले. बर्फ अजून कडेला आहे, मधलं पाणी वाहतं. तिकडच्या काठावर मासे धरणारे, इकडच्या काठावर मासे धरणारे, सगळ्यांच्या दोऱ्या एकाच पाण्यात.

तुझी बाल्कनी बघितली. दर रविवारी जेवणानंतर आई तिथे उभी राहून टेबलक्लॉथ झटकायची. मी बरोबर दीड वाजता इकडच्या काठावर उभी असायचे. पंधरा वर्षं. तुला हे माहीत नव्हतं ना? शेवटची चार वर्षं तू तेव्हा आत असायचास, तिच्या टेबलाशी, जेवून पोट धरून बसलेला. ती झटकायची, सीगल यायचे, मी बघायचे आणि घरी यायचे. ती मला बघायची की नाही, मी कधी विचारलं नाही. मी आहे हे तिला माहीत होतं असं मी धरून चालले होते.

आज दीड वाजता तू बाहेर आलास. अंगात ते जुनं बसचं खाकी जाकीट. हातात काही नव्हतं. उभा राहिलास, माझ्याकडे बघितलंस असं वाटलं, पण एवढ्या लांबून कळत नाही. मी हात केला नाही. तूही नाही. मग आत गेलास. पडदे बदललेस तू. आईचे हिरवे होते.

मला काहीच वाटलं नाही. हे तुला सांगते आहे कारण तुला वाटेल मी तिथे कोसळले. नाही कोसळले. पायात मोजे ओले झाले, तेवढं जाणवलं.

क्लावा


नार्वा, २० मार्च २०१३

वेन्या,

आता उत्तर.

त्यांचा नियम असा आहे. अर्ज आला की ते लगेच काही करत नाहीत. माणसाला सहा महिने देतात. मग पत्र पाठवतात: 'आपला विचार कायम आहे का? कृपया कळवावे.' उत्तर आलं नाही तर अर्ज रद्द. काही करावं लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. चूक केलेल्या माणसासाठीच ठेवला आहे तो नियम.

तुझ्या नावाचं पत्र नोव्हेंबरच्या आठ तारखेला आलं. माझ्या पेटीत. मंगळवार होता. कक्षात कुणी नव्हतं. तुझं कार्ड त्यावेळी माझ्याकडेच होतं, तू डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला दिलं होतंस.

आणि आता ते, जे मी दोन महिने लिहायचं टाळते आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आईचा फोन आला होता. तू तिच्याकडून निघाल्यावर. म्हणाली, "क्लावा, पोटात गाठ आहे म्हणतात. उन्हाळ्यापर्यंत ओढीन बहुतेक. वेन्याला सांगू नकोस. तो नोकरी सोडून इथे येऊन बसेल. त्याला ओळखतेस ना तू." मी म्हटलं, "मी येऊ का?" ती म्हणाली, "तू कशाला? तुला त्या रांगेत उभं राहायचा त्रास. वेन्या येतो की रविवारी."

तू कशाला. ती चांगल्या मनाने म्हणाली. मला माहीत आहे.

तेव्हा आठ नोव्हेंबरला ते पत्र उघडलं तेव्हा मला माहीत होतं की ती मरणार. मला हे माहीत होतं की तिने न सांगितलं तरी तुला कळेल, आणि कळलं की तू जाशील, आणि गेलास की परत येणार नाहीस. तू त्या वर्षी दोनदा म्हणाला होतास, तिकडचाच पासपोर्ट घेऊन टाकतो, पेन्शनही लवकर. मी हसून घालवलं होतं. आई जाईल, आणि तू तिच्या घरात राहशील, तिच्या पडद्यांमागे, आणि मी इकडे काठावर उभी राहीन. तुम्हा दोघांचं एक घर आणि माझं एक वाचनालय.

मला तू इकडे हवा होतास. बस्स, एवढंच. देश, घटना, फुकट इंटरनेट, त्यांचे गोडवे मी सगळ्यांसमोर गायले आणि खोटे गायले नाहीत. पण त्या मंगळवारी माझ्या डोक्यात त्यातलं काहीही नव्हतं. मी देश निवडत नव्हते. पुलाचं दार लावत होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी आकडे टाकले. मे महिन्यात आकडे टाकताना दोनदा चुकले होते. नोव्हेंबरमध्ये एकदाही नाही. उत्तर दिलं: 'होय, विचार कायम आहे.' मग तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली, गुरुवारी सव्वातीन. मग हेल्वेबाई आल्या, चहा केला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. पहिला होकार बावळटपणा होता असं मी म्हणू शकते. दुसऱ्याला सहा महिने होते, आणि ती जाणार हे मला माहीत होतं.

तू ज्या सूपच्या बरणीसह पुलावरून परत आलास, ती तिने मागितली होती. फोनवर मला म्हणाली होती, "पोटात काही टिकत नाही, वेन्याचं सूप तेवढं टिकतं." मी तुला ते सांगितलं नाही, कारण मग का टिकत नाही ते सांगावं लागलं असतं.

या आठवड्यात डबा रिकामा केला. सगळ्यांची पाकिटं घरी नेऊन दिली. फाईनाने दारातच विचारलं, "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" मी म्हटलं, "माझ्यावर नाही." तिला ते पटलं नाही. अजून चिडलेली आहे. हवामान बघायला येत नाही.

निमंत्रणाचा अर्ज आता भरू नकोस. आज भरलास तर रागाने भरशील, नाही भरलास तरी रागानेच. ठेवून दे. सहा महिने ठेव. त्यांनी तुला दिले होते ते मी खाल्ले, आता हे घे.

क्लावा


नार्वा, २० सप्टेंबर २०१३

वेन्या,

कक्ष या महिन्यात बंद झाला. दारावरची निळी पाटी तेवढी राहिली आहे, उतरवायला माणूस येणार आहे म्हणतात. मी रविवारी काठावर जाते, दीड वाजता. तू कधी बाहेर असतोस, कधी नसतोस.

सोबत तोच अर्ज पुन्हा ठेवला आहे, पहिला तू फाडला असलास तर. कोरा आहे. बरणीही धुवून ठेवली आहे, पण ती पोस्टाने फुटेल.

सहा महिने झाले. विचारते आहे. मला न बोलावण्याचा तुझा विचार कायम आहे का? कृपया कळवावे.

गप्प बसलास तर बोलावणं नाही असं मी धरीन. होकार मी आता धरून चालत नाही.

या वेळी उत्तर तुझं तूच दे.

क्लावा